सोयाबीनवर अळी दिसली? थांबा, आधी मोजा! सेंद्रिय कीड व्यवस्थापन सोप्या भाषेत

रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. सोयाबीनचं पान, पानाला भोकं, मधोमध एक हिरवट-काळी अळी. खाली एकच ओळ: "दादा, कुठलं औषध मारू?"

पाठवणारा माझा चुलत भाऊ. तो लातूर जिल्ह्यात शेती करतो, मी पुण्यात कोड लिहितो. घरात "मोबाईलमधलं कळणारा" मीच, त्यामुळे असे फोटो माझ्याकडेच येतात. तुम्ही शहरात असाल आणि गावाकडे शेती असेल, तर तुमच्याकडेही येत असतील.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. मी तो फोटो एका कीड ओळखणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकला. दोन सेकंदांत उत्तर आलं: तंबाखूवरील पाने खाणारी अळी. खाली औषधाचं नाव होतं. स्क्रीनशॉट काढला, पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी चार एकरांवर फवारा झालासुद्धा.

आठवड्याने गावी गेलो, तेव्हा काका मला शेतात घेऊन गेले. पानांना चिकटलेल्या, पांढऱ्या पडून कडक झालेल्या अळ्या त्यांनी दाखवल्या. म्हणाले, "ह्या औषधानं मेल्या नाहीत. फवाऱ्याच्या आधीपासूनच अशा दिसत होत्या. मला वाटलं, तुमच्या अ‍ॅपला माहीत असेल."

त्या अळ्यांना बुरशी लागली होती. निसर्गाने आपलं काम आधीच सुरू केलं होतं. आम्ही मात्र औषधाचे पैसे घातले, मजुरी घातली आणि भावाने दिवसभर विषाचा पंप पाठीवर वागवला.

गंमत म्हणजे अ‍ॅपचं उत्तर बरोबर होतं. चुकला होता तो आमचा प्रश्न. फोटो सांगतो की अळी कोणती आहे. ती किती आहे, केवढी आहे, निरोगी आहे की आजारी, आणि पीक सध्या कोणत्या अवस्थेत आहे, यातलं काहीच एका फोटोत कळत नाही. आणि सेंद्रिय कीड व्यवस्थापन तर नेमकं याच चार गोष्टींवर चालतं.

चला, एकेक पायरी समजून घेऊ.

सोयाबीनवर येतं तरी कोण?

आपल्याकडे सोयाबीन पेरतात जून-जुलैमध्ये आणि ते साधारण १०० दिवसांच्या आसपास काढणीला येतं. एवढ्या काळात किडींचे तीन गट येतात. गट लक्षात ठेवा, कारण उपाय गटानुसार बदलतो.

१. पानं खाणाऱ्या अळ्या. सर्वात जास्त फोटो यांचेच येतात.

- *तंबाखूवरील पाने खाणारी अळी*, म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युरा. तिची मादी एकाच जागी शेकडो अंडी घालते आणि ती तपकिरी केसांनी झाकते. बाहेर पडलेल्या छोट्या अळ्या काही दिवस एकाच पानावर घोळक्याने राहतात आणि पानातला हिरवा भाग खरवडून खातात. पान जाळीसारखं दिसायला लागतं.
- *उंटअळी.* चालताना पाठीचा उंटासारखा बाक काढते. हिरवी असल्यामुळे चटकन दिसत नाही.
- *केसाळ अळी.* हीसुद्धा लहानपणी घोळक्यात असते.
- *घाटेअळी.* हरभऱ्यावरची ओळखीची अळी. सोयाबीनची फुलं आणि शेंगाही ती सोडत नाही.

२. खोडात शिरणाऱ्या किडी. खोडमाशी आणि चक्रीभुंगा.

खोडमाशी पानावर अंडी घालते. तिची अळी शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते. झाड वरून बरं दिसतं, पण खोड उभं चिरलं की आत नागमोडी लालसर बोगदा सापडतो. म्हणजे ही कीड फोटोत दिसणारच नाही. खोड चिरून मग फोटो काढला तरच!

चक्रीभुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर दोन चकत्या कोरते आणि त्यांच्यामध्ये अंडं घालते. चकतीच्या वरचा भाग सुकून लोंबायला लागतो. पाणी भरपूर असूनही एखादंच पान किंवा फांदी सुकलेली दिसली, तर खाली दोन रेघा आहेत का ते पाहा.

३. रस शोषणाऱ्या किडी. मुख्य म्हणजे पांढरी माशी. ती रस शोषते ते नुकसान थोडं, पण पिवळ्या मोझॅकचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते ते मोठं. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्रातल्या अनेक शेतांनी या पिवळ्या मोझॅकचा तडाखा अनुभवलाय.

एक अळी दिसली म्हणजे हल्ला झाला का?

नाही. आणि हाच या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

आम्ही सर्व्हर सांभाळतो तेव्हा प्रोसेसरचा वापर एका क्षणासाठी वर गेला म्हणून कोणी सर्व्हर बंद करत नाही. एक मर्यादा ठरलेली असते. ती ओलांडली आणि काही वेळ ओलांडलेलीच राहिली, तरच अलार्म वाजतो. नाहीतर रोज रात्री उठून बसावं लागेल.

शेतीत या मर्यादेला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. अर्थ सोपा: किडीमुळे होणारं नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होण्याच्या थोडं आधी थांबून कृती करायची. त्याखाली असाल, तर फवारा म्हणजे तोटा.

कारण सोयाबीनला थोडं खाल्लेलं चालतं. हे पीक पानं भरपूर काढतं. फुलोऱ्याच्या आधी साधारण ३० टक्क्यांपर्यंत पानं गेली, तरी ते बहुतेक वेळा भरून काढतं. शेंगा भरायला लागल्यावर मात्र एवढी सवलत नसते. तेव्हा पानं गेली की थेट दाणा बारीक होतो.

कृषी विद्यापीठं आणि कृषी विभाग यांच्या शिफारशीत साधारण ही पातळी दिलेली असते:

- तंबाखूवरील पाने खाणारी अळी आणि उंटअळी: ओळीच्या दर मीटरला ३ ते ४ अळ्या
- चक्रीभुंगा: ओळीच्या दर मीटरला ३ ते ५ प्रादुर्भाव झालेली झाडं
- खोडमाशी: १० ते १५ टक्के झाडं

हे आकडे उगाच कागदावर आलेले नाहीत. २००८ च्या खरिपात विदर्भ आणि मराठवाड्यात तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीने सोयाबीनचं प्रचंड नुकसान केलं. लोकांना कळलं तोवर अळ्या मोठ्या झाल्या होत्या आणि पानांच्या फक्त शिरा उरल्या होत्या. त्यानंतर २००९-१० मध्ये राज्याच्या कृषी विभागाने नवी दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन संशोधन केंद्राच्या मदतीने 'क्रॉपसॅप' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्याची कल्पना आपल्यासारख्यांना लगेच कळेल: ठरलेल्या शेतांत जाऊन किडी मोजायच्या, आकडे संगणकावर भरायचे, मर्यादा ओलांडली की त्या भागातल्या शेतकऱ्यांना सल्ला पाठवायचा. म्हणजे पिकांसाठीची अलर्ट सिस्टीमच.

पण क्रॉपसॅपचा माणूस तुमच्या बांधावर येईलच असं नाही. तुमच्या शेताचा अलार्म तुम्हालाच बसवावा लागतो.

मोजायचं कसं? १५ मिनिटांचं काम

लागणारं सामान: एक पांढरं कापड किंवा रिकामी खताची गोणी, एक मीटरची काठी आणि मोबाईल.

१. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. तंबाखूवरील अळी मोठी झाली की दिवसा जमिनीत, पालापाचोळ्यात लपते. भर दुपारी मोजलं तर आकडा फसवा येतो.

२. शेतात नागमोडी चालत पाच जागा निवडा. बांधालगतच्या ओळी सोडून द्या.

३. प्रत्येक जागी दोन ओळींच्या मध्ये कापड अंथरा. काठीने एक मीटर ओळ मापा आणि तेवढी झाडं कापडावर वाकवून हलवा.

४. पडलेल्या अळ्या मोजा. लहान किती, मोठ्या किती, पांढऱ्या पडलेल्या किंवा न हलणाऱ्या किती, हे वेगवेगळं लिहा.

५. पाच जागांची सरासरी काढा.

समजा आकडे आले: २, १, ४, ०, ३. बेरीज १०, सरासरी २. मर्यादेच्या खाली. आज काही करायचं नाही, तीन-चार दिवसांनी पुन्हा यायचं.

पुढच्या वेळी आले: ५, ३, ६, ४, ४. बेरीज २२, सरासरी ४.४. आता कृती करायची, आणि बहुतेक अळ्या लहान असतील तर सेंद्रिय उपायाला हीच सगळ्यात चांगली वेळ आहे.

पाहिलंत ना? पहिल्या दिवशी एका जागी ४ अळ्या होत्या. तेवढ्याच जागेचा फोटो आला असता, तर फवारा झालाच असता.

शेतातले सेन्सर: सापळे, एरंडी आणि पक्षी

मोजणी म्हणजे तपासणी. पण अळी येण्याच्या आधी इशारा मिळाला तर? त्यासाठी तीन स्वस्त सोयी आहेत.

कामगंध सापळा. पतंगाची मादी नराला बोलावण्यासाठी एक वास सोडते. तोच वास बनवून रबराच्या छोट्या गोळीत भरतात. तिला ल्यूर म्हणतात. नर वासाने येतो आणि सापळ्यात अडकतो. प्रत्येक जातीचा वास म्हणजे वेगळा पासवर्ड. स्पोडोप्टेराच्या ल्यूरवर घाटेअळीचा पतंग येत नाही. म्हणून दुकानात नुसतं "ल्यूर द्या" म्हणू नका, कुठल्या अळीसाठी ते सांगा.

एकरी दोन सापळे, पिकाच्या उंचीपेक्षा फूटभर वर. रोज सकाळी पतंग मोजायचे. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात ८ ते १० पतंग यायला लागले, तर काही दिवसांत अंडी आणि अळ्या येणार असं समजा आणि मोजणी वाढवा. ल्यूर साधारण तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, कारण ती बदलायची आठवण कोणालाच राहत नाही. वास संपलेला सापळा "पतंग शून्य" दाखवतो आणि आपण निर्धास्त राहतो.

एरंडी. शेताच्या कडेने एरंडीची झाडं लावली की स्पोडोप्टेराची मादी अंडी घालायला तिथे आवडीने जाते. मोठ्या पानांवर अंड्यांचे पुंजके आणि जाळीदार झालेली पानं लांबून दिसतात. ती पानं तोडून नष्ट केली, तर एका पानाबरोबर शेकडो अळ्या जातात. कोणतंही औषध एवढं स्वस्त नाही. चक्रीभुंग्यासाठी अशाच प्रकारे कडेने ढैंचा लावायची शिफारस आहे.

पण एक लक्षात घ्या. सापळा पीक लावून विसरून गेलात, तर तुम्ही किडीसाठी पाळणाघर उघडलंत. तिथल्या अळ्या मोठ्या होऊन सोयाबीनमध्येच येणार.

पक्षिथांबे. एकरी आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'टी' अक्षरासारख्या काठ्या पिकापेक्षा उंच रोवा. कोतवाल, साळुंकी असे पक्षी येऊन बसतात आणि अळ्या वेचतात. खर्च जवळजवळ शून्य.

मर्यादा ओलांडली. आता कोणतं सेंद्रिय अस्त्र?

रासायनिक औषध बहुतेक वेळा मज्जासंस्थेवर मारा करतं, अळी लगेच पडते. सेंद्रिय उपाय वेगवेगळ्या रस्त्यांनी काम करतात आणि वेळ घेतात. ते कसं चालतं हे कळलं, की "मारलं पण काही झालं नाही" ही तक्रार निम्मी कमी होते.

निंबोळी अर्क. कडुनिंबाच्या बीमध्ये अझाडिरॅक्टिन असतं. त्यामुळे अळीची भूक मरते आणि कात टाकण्याची प्रक्रिया बिघडते. अळी मोठी होऊच शकत नाही. म्हणून लहान अळ्यांवर उपयोग चांगला, मोठ्या अळीवर फारसा नाही.

पाच टक्के अर्क घरी असा करतात: ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या. दुसऱ्या दिवशी ढवळून कापडातून गाळायचं. वेगळ्या लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळायचा. मग एकूण १०० लिटर होईल एवढं पाणी घालायचं. पिकाला एकरी साधारण २०० लिटर पाणी लागत असेल तर निंबोळ्या १० किलो धरा. अर्क त्याच दिवशी संपवा, उरला तर दुसऱ्या दिवशी तेवढा जोर राहत नाही.

बीटी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. तो एक प्रथिनाचा स्फटिक बनवतो. अळीच्या आतड्यात आम्लाऐवजी अल्कली असते. तिथे हा स्फटिक विरघळतो आणि आतड्याला छिद्रं पाडतो. आपल्या पोटात तशी परिस्थिती नसते, म्हणून माणसावर तो तसा परिणाम करत नाही. फवारल्यावर काही तासांत अळी खाणं थांबवते, पण मरायला दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून घाबरून वरून रासायनिक फवारा मारू नका. ती खात नाहीये, हे पाहा. आणि जवळ तुतीची लागवड, रेशीमकिडे असतील तर बीटी टाळा. रेशीमकिडा हीसुद्धा एक अळीच आहे.

एनपीव्ही. हा अळ्यांना मारणारा विषाणू. कॉम्प्युटरमधल्या व्हायरससारखा हाही फार निवडक आहे. स्पोडोप्टेरासाठी 'एसएलएनपीव्ही' आणि घाटेअळीसाठी 'एचएएनपीव्ही'. एकाचं दुसऱ्यावर चालत नाही. म्हणजे इथे मात्र कीड अचूक ओळखणं फार महत्त्वाचं, आणि फोटोचा खरा उपयोग इथे होतो. मात्रा 'एलई' या एककात सांगतात. हेक्टरी २५० ते ५०० एलई अशी शिफारस असते. विषाणू लागलेली अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि उलटी लटकून मरते. पुढे ती फुटते आणि आतले विषाणू खालच्या पानांवर पडून इतर अळ्यांना लागतात. सगळ्याला चार-सात दिवस द्यावे लागतात.

बुरशी. नोमुरिया रिलाई, आणि तिच्याबरोबर ब्युव्हेरिया, मेटारायझियम अशा बुरश्या बाजारात मिळतात. यांना अळीने खावं लागत नाही. बीजाणू अंगावर पडला की कातडीतून आत शिरतो. नोमुरिया तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट, ढगाळ हवेत आपल्या सोयाबीनमध्ये आपोआपही पसरते. अळी आधी पांढरी, कडक होते आणि मग तिच्यावर हिरवट पावडर येते. काकांनी मला दाखवल्या त्या याच. मोजणीत अशा अळ्या बऱ्याच सापडायला लागल्या, तर फवारा थांबवा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा. तिथे बुरशीनाशक मारलंत, तर फुकट मिळालेला मदतनीस तुम्हीच माराल.

या चारही उपायांना तीन नियम सारखेच लागू आहेत:

- फवारणी संध्याकाळी. उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू, जिवाणू आणि अझाडिरॅक्टिन यांचा जोर कमी होतो. म्हणूनच एनपीव्हीच्या द्रावणात कपड्यांना पांढरेपणा आणणारी राणीपाल पावडर मिसळायची पद्धत आहे. ती ऊन अडवते.
- अळी लहान असताना. स्पोडोप्टेरा आयुष्यभरात जेवढं पान खाते, त्यातलं बहुतेक शेवटच्या दोन अवस्थांत खाते. तोवर थांबलात तर सेंद्रिय उपायांकडून फार अपेक्षा ठेवू नका.
- पंप स्वच्छ. तणनाशकाचा पंप तसाच वापरू नका. २,४-डी सारख्या तणनाशकाचा थोडा अंश राहिला तरी सोयाबीनची पानं आकसतात.

खोडातल्या किडीचं काय?

इथे खरं सांगायला हवं. अळी खोडात शिरली की वरून मारलेला निंबोळी अर्क किंवा बीटी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे इथे सगळी मदार आधीच्या कामावर असते:

- उन्हाळ्यात खोल नांगरट, म्हणजे जमिनीतले कोष उघडे पडतात. ऊन आणि पक्षी त्यांचा समाचार घेतात.
- पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वेळेत. बियाणं दाट पडू देऊ नका आणि युरियाचा मारा टाळा. दाट, लुसलुशीत पिकात कीड लवकर बसते.
- चक्रीभुंग्याने कोरलेली पानं-फांद्या खालच्या चकतीच्या खालून तोडा आणि नष्ट करा. अंडं आत असतानाच ते काम झालं पाहिजे. उशीर केलात तर अळी खोडात खाली उतरलेली असते.
- पिवळ्या मोझॅकची झाडं दिसताच उपटून टाका आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा.

एवढं करूनही खोडमाशी मर्यादेच्या वर गेली, तर कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारा. फक्त "सेंद्रियच" या हट्टापायी पीक घालवणं म्हणजे व्यवस्थापन नाही.

"सेंद्रिय आहे, मग काळजी कशाला?"

काळजी घ्यायलाच हवी. तंबाखूचा काढाही नैसर्गिकच, पण त्यातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं आणि ते विषच आहे. घरगुती अर्काची तीव्रता दर वेळी वेगळी असते. हातमोजे, तोंडाला कापड आणि वाऱ्याच्या दिशेचा विचार, हे प्रत्येक फवारणीत हवं.

विकत घेताना बाटलीवर नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि वापरायची मुदत पाहा. बीटी, एनपीव्ही, बुरशी हा जिवंत माल आहे. दुकानाच्या पत्र्याखाली मे महिनाभर तापलेली बाटली स्वस्तात मिळाली, तरी आत काय उरलंय कोण जाणे. लेबलच नसलेलं, "सेंद्रिय आहे, पण एका तासात अळी पडते" असं सांगून विकलेलं औषध तर घेऊच नका. वर पाहिलंच आपण, खरा जैविक उपाय तासाभरात अळी पाडत नाही.

आणि रासायनिक घ्यायची वेळ आलीच, तर बाटलीवरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. टळलेला प्रत्येक फवारा म्हणजे नुसते वाचलेले पैसे नाहीत. पंप ज्याच्या पाठीवर असतो, त्याचा तो एक वाचलेला दिवस आहे.

मग मोबाईलचा उपयोग काय?

भरपूर आहे, फक्त योग्य जागी:

- ओळख. प्लँटिक्स हे अ‍ॅप मराठीत चालतं. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२४ ला 'नॅशनल पेस्ट सर्व्हेलन्स सिस्टम' सुरू केली, तीही फोटोवरून कीड ओळखते. एकाच अळीचे तीन फोटो काढा: वरून, बाजूने आणि पानाच्या खालच्या बाजूचा. उजेड मागून नको. उत्तर आलं की ते दुसऱ्या एखाद्या माणसाला दाखवून खात्री करा.
- नोंदवही. साधी गुगल शीट पुरेशी आहे. रकाने सहा: तारीख, जागा, लहान अळ्या, मोठ्या अळ्या, आजारी अळ्या, सापळ्यातले पतंग. तीन आठवड्यांत कल वर चाललाय की खाली, ते स्वतःच दिसतं.
- हवामान. संध्याकाळी पाऊस असेल तर फवारा धुऊन जाईल. आधी अंदाज पाहा.
- विचारणं. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फोन करताना हातात आकडे असू द्या. "अळी पडलीय" यापेक्षा "मीटरला चार, सगळ्या लहान, पीक फुलोऱ्यात" असं सांगितलं तर सल्लाही नेमका मिळतो.

अ‍ॅपमध्ये उत्तराखाली औषधाचं नाव आणि 'खरेदी करा' असं बटण असेल, तर ते बटण शेवटी दाबायचं. मधल्या पायऱ्या तुमच्या आहेत.

या वर्षी ऑगस्टमध्ये भावाचा पुन्हा मेसेज आला. या वेळी फोटो नव्हता. लिहिलं होतं: "पाच जागा. ३, २, ५, २, ३. त्यात पांढऱ्या ४. काय करू?"

सरासरी ३, म्हणजे अगदी काठावर. पण १५ मधल्या ४ अळ्या आधीच आजारी, हवा ढगाळ आणि पीक अजून फुलोऱ्यात यायचं होतं. मी म्हणालो, "तूच सांग."

तो म्हणाला, "परवा पुन्हा मोजतो."

परवा सरासरी दीडवर आली होती. पंप खोपटातच राहिला.